बदकाला बरं नाहीये!

बदक आजारी पडलं की सगळ्यांत आधी काय करतं, सांगू? आपल्याला काहीच झालेलं नाही, असं दाखवतं! पोटात दुखत असो की पाय ठणकत असो, ते सोबतच्या बदकामागून चालत राहतं, ताटलीत चोचही घालतं. नीट पाहिलं तरच कळतं, की चोच हलतेय पण पोटात काहीच जात नाहीये.

असं का बरं? आपण पाळतो ती बहुतेक सगळी बदकं मॅलार्ड नावाच्या रानबदकांची वंशज आहेत. तळ्याकाठी कोल्हे टपलेले असतात, वरून ससाणे घिरट्या घालतात आणि लंगडणारं, मागे पडणारं बदक त्यांच्या नजरेत पहिलं भरतं. म्हणून दुखणं लपवणारी बदकं टिकली आणि त्यांचीच पिल्लं पुढे वाढली. माणसाच्या अंगणात शेकडो पिढ्या गेल्या तरी ही सवय सुटलेली नाही. त्यामुळे बदक उघडउघड आजारी दिसू लागतं, तोवर दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं.

आता समजा, तुम्ही मुंबईत अँटॉप हिलच्या एखाद्या वसाहतीत तळमजल्यावर राहता. घरामागे थोडी मोकळी जागा आहे आणि तिथे भुरी आणि चिंगी या खाकी कॅम्पबेल जातीच्या दोन बदक-बहिणी राहतात. (ही जात इंग्लंडमध्ये अ‍ॅडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंनी १९००च्या सुमारास तयार केली. अंडी घालण्यात तिचा हात धरणारी जात सहसा सापडायची नाही!) रोज सकाळी दार उघडलं की दोघी कलकलाट करत धावत येतात. आज एकटी चिंगीच आली. भुरी कोपऱ्यात पिसं फुगवून, मान आत ओढून बसली आहे. भर दिवसा डोळे मिटतेय. शेपूट हलत नाही.

तुमची पहिली कामगिरी म्हणजे भुरीची शी बघणं. नाक मुरडू नका! डॉक्टरांना ही माहिती फार मोलाची असते. पक्ष्यांची शी आणि शू एकाच वाटेने बाहेर येते. त्यातला गडद भाग ही शी आणि पांढरा भाग ही शू. आपल्या लघवीत युरिया असतो, पक्ष्यांच्या लघवीत मुख्यतः युरिक आम्ल असतं आणि ते पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून ते पांढरं दिसतं. शी एकदम हिरवीगार झाली, तर बऱ्याचदा त्याचा अर्थ असतो, की पोटात अन्नच नाहीये, नुसतं पित्त उतरतंय. मग वजन. स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपली ठेवा, टोपलीत भुरी. मोठी खाकी कॅम्पबेल साधारण दोन किलोच्या आसपास भरते. रोज एकाच वेळी वजन करून वहीत लिहायचं. पिसांच्या फुगाऱ्यात हडकुळं अंग लपतं, काट्यापासून मात्र ते लपत नाही.

आणि लगेच डॉक्टर. या बाबतीत अँटॉप हिलची मुलं नशीबवान आहेत, कारण परळ त्यांना जवळ. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल आहे. मुंबईकर त्याला 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणतात. प्राण्यांचा छळ थांबावा म्हणून मुंबईत १८७४ साली एक संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी शहरात घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या. बैल माल ओढायचे, घोडे माणसं ओढायचे आणि दोघंही रस्त्यात जखमी व्हायचे. त्यांच्यावर उपचार व्हावेत म्हणून सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या दानातून हे हॉस्पिटल उभं राहिलं आणि त्याला त्यांच्या पत्नीचं, साकरबाईंचं नाव दिलं गेलं. १८८६ साली परळलाच मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. ट्रामचे घोडे केव्हाच गेले, पण आजही संक्रांतीच्या दिवसांत मांज्याने पंख कापलेली कबुतरं, घारी तिथे आणल्या जातात. तेव्हा 'बदकाला कुठे डॉक्टर असतो का?' असं कोणी म्हणालं, तर त्याला बैलघोड्याचा पत्ता सांगा.

भुरीला न्यायचं कसं? पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, तळाशी टॉवेल अंथरा. अंधारात पक्षी शांत राहतात. पण उचलताना सांभाळून! इथेच बदकाच्या शरीरातली एक अजब गोष्ट आडवी येते. आपल्या छातीच्या खाली श्वासपटल नावाचा स्नायू असतो. तो खाली सरकला की फुप्फुसं फुगतात. पक्ष्यांना तसं श्वासपटल नसतं आणि त्यांची फुप्फुसं जवळपास फुगतच नाहीत. त्याऐवजी अंगभर हवेच्या पातळ पिशव्या असतात आणि छातीचं हाड पुढेमागे हलवून बदक त्या पिशव्यांमधून हवा खेळवतं, अगदी लोहाराच्या भात्यासारखी. आपण प्रेमाने छाती घट्ट आवळली, तर तो भाताच बंद पडतो आणि नाकतोंड मोकळं असूनही बदक गुदमरतं. म्हणून पंख अंगाशी हलकेच दाबून, एक हात पोटाखाली घालून उचलायचं. छाती मोकळी हवी.

याच हवेच्या पिशव्यांमुळे आजारी पक्ष्याच्या खोलीत अगरबत्ती, मच्छर कॉइल, फवारा यांतलं काहीही नको. नॉनस्टिकचा तवा जास्त तापला तर त्यातून निघणारा वायू आपल्याला कळणारही नाही, पण पक्षी त्याने मरू शकतात. हवेतला प्राणवायू टिपण्यात पक्ष्यांची फुप्फुसं आपल्यापेक्षा तरबेज असतात आणि विषही ती तितक्याच तत्परतेने टिपतात.

डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं, 'घरी नेऊन नीट सांभाळा' म्हणाले. आता खरं काम सुरू!

भुरीच्या पंखाखाली हात घातला की कढत लागेल. 'ताप आलाय!' असं वाटेल. थांबा, बदकाचं नेहमीचं तापमानच ४१-४२ अंश सेल्सिअस असतं. आपण ज्या तापात अंथरुणाला खिळू, त्यात बदक मजेत पोहत असतं. हे एवढं तापमान राखायला भरपूर अन्न लागतं. आजारी बदक खात नाही, म्हणजे भट्टीला इंधनच नाही. म्हणून त्याला बाहेरून ऊब द्यायची. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवायची. एकाच बाजूला का? फार गरम झालं तर भुरीला दुसरीकडे सरकता आलं पाहिजे. खोक्यातली ऊब साधारण २७ ते ३० अंश असली तरी पुरे. मुंबईच्या मे महिन्यात तर बाटलीची गरजच पडायची नाही, उलट भुरी चोच उघडी टाकून धापा टाकतेय का, तेच बघावं लागेल.

मग पाणी. आजी म्हणेल, 'चमच्याने पाणी पाज गं तिला.' आजीची माया बरोबर आहे, पण चमचा नको. बदकाची चोच उघडून पाहिलीत तर जिभेच्या मुळाशी एक बारीक फट दिसेल. ती श्वासनलिकेची वाट. आपण गिळताना ही वाट झाकणारी झडप आपल्या घशात असते, पक्ष्यांना ती झडप नसते. तोंडात पाणी ओतलं आणि बदकात गिळण्याची ताकद नसली, तर पाणी थेट फुप्फुसाकडे जाऊ शकतं. त्यापेक्षा वाडगं चोचीपाशी धरा, चोचीचं टोक पाण्यात टेकवा, किंवा चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडा. थेंब आत ओढला, गिळला, मगच पुढचा. तेवढंही जमत नसेल तर नळीने भरवावं लागतं. ते डॉक्टरांचं काम आहे, नाहीतर त्यांनी शिकवलेल्या मोठ्या माणसाचं. भुरी जरा सावरली की वाडगं थोडं खोल हवं, कारण बदकं नाकपुड्या आणि डोळे पाण्यात बुडवून धुतात. ते जमलं नाही की डोळे चिकटतात.

पण पोहायला? मुळीच नाही! तुम्ही म्हणाल, 'बदकाला पाण्याची कसली भीती?' सांगतो. बदकाच्या शेपटीच्या मुळाशी, वरच्या बाजूला तेलाची एक ग्रंथी असते. बदक चोचीने ते तेल घेऊन पिसांना लावतं आणि पिसांचे बारीक धागे एकमेकांत नीट अडकवून ठेवतं. म्हणून तर पाणी आत शिरत नाही. आजारी बदक ही साफसफाई सोडून देतं. मग पिसं भिजतात, अंग गारठतं, वजन वाढतं आणि चक्क बदक बुडू शकतं!

सतत बसून राहिलं की पायांवर, छातीच्या हाडावर भार येतो आणि तिथे जखमा होतात. त्यासाठी कोरड्या टॉवेलला पीळ देऊन त्याची चुंबळ करा, डोक्यावर घागर घेताना करतात तशीच, आणि भुरीला तिच्यावर बसवा. हाड मधल्या पोकळीत येतं, भार कडेच्या मऊ गोलावर पडतो. खालचं फडकं ओलं झालं की बदला. दिवसातून कितीतरी वेळा बदलावं लागेल. शुश्रूषेचा अर्ध्याहून जास्त भाग हा असा फडकी धुण्यातच जातो आणि मला तो औषधाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आता प्रश्न असा, की भुरीला झालंय तरी काय? बदकांचे आजार पुष्कळ आहेत. सगळे सांगत बसत नाही, पण तीन गोष्टी मुंबईच्या घराशी अगदी जवळून जोडलेल्या आहेत.

पहिली गोष्ट चकाकणारी. बदकाला दात नाहीत. त्याच्या पोटात पेषणी नावाची जाड स्नायूंची पिशवी असते. बदक वाळूचे खडे गिळतं आणि पेषणी त्या खड्यांनी दाणे दळते. खडे शोधताना कधी खिळा, तारेचा तुकडा, नट, नाहीतर गळाला लावतात ती शिशाची गोळी पोटात जाते. मग पेषणी ती घासत राहते, पोटातलं आम्ल ती विरघळवत राहतं आणि शिसं किंवा जस्त रक्तात उतरतं. बदक अशक्त होतं, पाय लुळे पडतात. एक्स-रेमध्ये मात्र धातू पांढराशुभ्र चमकतो! रक्तातल्या शिशाला धरून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध डॉक्टरांकडे असतं. बाजूला इमारतीचं काम चालू असेल, तर बदकं सोडण्याआधी जमिनीवरून एक लोहचुंबक फिरवा. शिसं त्याला चिकटणार नाही, त्यासाठी डोळेच हवेत, पण खिळे निघतील.

दुसरी गोष्ट पावसाळ्यातली. दमट हवेत डब्यातल्या शेंगदाण्यांना, मक्याला बुरशी येते. 'आपण नको खायला, बदकांना टाकू,' असं म्हणून चालणार नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी पटापट मेले. बदकांची पिल्लंही मेली. शोध घेतला तर दोषी निघाली त्यांच्या खाद्यातली शेंगदाण्याची पेंड. तिच्यावर वाढलेल्या बुरशीने एक विष तयार केलं होतं. त्याला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळालं. हे विष यकृतावर घाव घालतं आणि बदकाच्या पिल्लांचं यकृत त्याला इतकं हळवं, की अन्नात विष आहे का हे तपासायला शास्त्रज्ञ तेव्हा बदकाची पिल्लंच वापरायचे. बिचारी पिल्लं! पण त्यांच्यामुळे तुमच्या-माझ्या खाण्यातलं विषही ओळखता येऊ लागलं.

तिसरी गोष्ट कुजलेल्या पाण्याची. ही मला सगळ्यांत थरारक वाटते. ऊन तापलेलं असतं, डबकं साचलेलं असतं, त्यात काहीतरी मरून पडलेलं असतं. अशा बिनहवेच्या चिखलात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू वाढतो आणि विष तयार करतो. ते विष बदकाच्या पोटात गेलं की मज्जातंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही. आधी पाय जातात, मग पंख, मग मान लुळी पडते. पाण्यावर असलेलं बदक मान वर धरता न आल्याने बुडतं. मेलेल्या पक्ष्यावर अळ्या होतात. अळ्यांना विषाने काही होत नाही, पण त्यांच्या अंगात ते साठतं. त्या अळ्या दुसरा पक्षी खातो आणि तोही पडतो. २०१९च्या नोव्हेंबरमध्ये राजस्थानातल्या सांभर सरोवराकाठी असंच झालं. अठरा हजारांहून जास्त पक्षी मेले. उत्तर प्रदेशातल्या बरेलीच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेने हा बोट्युलिझम असल्याचं सांगितलं. पण जिवंत सापडलेल्या पक्ष्यांना उचलून जवळच्या उपचार केंद्रात नेलं गेलं आणि त्यातले बरेच बरे होऊन पुन्हा आकाशात गेले. त्यांना सांभाळायचं म्हणजे काय करायचं असतं? स्वच्छ पाणी, सावली, हळूहळू भरवणं, मान उंच राहील असं बसवणं! विष शरीरातून ओसरेपर्यंत जीव धरून ठेवायचा. भुरीच्या खोक्यापाशी तुम्ही नेमकं तेच करताय.

औषधांबद्दल एक सक्त सूचना. घरातल्या डब्यातली माणसांची गोळी, अगदी छोटासा तुकडाही, भुरीला द्यायचा नाही. आपल्या देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९०च्या दशकापासून पंधराएक वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त संपली, ती कशाने? डायक्लोफिनॅक नावाच्या वेदनाशामक औषधाने. गुरांना ते द्यायचे, जनावर मेलं की गिधाडं ते खायची आणि गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडायची. मघाशी शीमधला पांढरा भाग बघायला सांगितला होता ना? तेच युरिक आम्ल बाहेर पडायचं थांबून त्यांच्या हृदयावर, यकृतावर पांढऱ्या थरासारखं साचायचं. २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी हे कारण शोधून काढलं आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी ते औषध बंद केलं. एकाच जातीच्या दुखण्यावरची दोन औषधं पक्ष्याच्या अंगात किती वेगळी वागतात पाहा : मेलॉक्सिकॅम नावाचं वेदनाशामक गिधाडांना चालतं. तेव्हा कोणतं, किती, किती दिवस, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. औषध चालू असताना भुरीने अंडं दिलं तर ते खाता येईल का, हेही त्यांनाच विचारा.

काळजी तुमचीही घ्यायची आहे. भुरीला हात लावला की साबणाने हात धुवायचे. तिच्या चोचीचा पापा घ्यायचा नाही, तिची भांडी स्वयंपाकाच्या मोरीत घासायची नाहीत. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, २००६च्या फेब्रुवारीत. बदकांच्या अंगात हा विषाणू कधीकधी काहीच लक्षण न दाखवता राहतो. एकापाठोपाठ एक पक्षी अचानक मरू लागले, तर त्यांना हात न लावता मोठ्यांकरवी पशुसंवर्धन खात्याला लगेच कळवायचं.

आता रात्र झाली. भुरीचं खोकं आत, चिंगी बाहेर. चिंगी हाका मारतेय. दोघींना एकत्र ठेवायचं नाही, कारण आजार पसरू शकतो. पण मध्ये जाळी ठेवून एकमेकींना दिसतील, ऐकू येतील असं ठेवता आलं तर फार बरं. यामागे एक कमाल शोध आहे. बदकं अर्ध्या मेंदूने झोपू शकतात! एक डोळा मिटतो, मेंदूची पलीकडची बाजू झोपते. दुसरा डोळा उघडा, त्याच्या पलीकडची बाजू जागी. १९९९ मध्ये निल्स रॅटेनबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅलार्ड बदकांना एका ओळीत झोपवून पाहिलं. ओळीच्या टोकांवरची बदकं असं अर्धं झोपणं जास्त करत होती आणि त्यांचा उघडा डोळा बाहेरच्या बाजूला, जिकडून धोका येईल तिकडे होता. मधली बदकं मात्र दोन्ही डोळे मिटून निवांत! म्हणजे सोबत असली की पुरती झोप लागते. एकटं पडलेलं बदक ओळीच्या टोकावरच असतं, असं मला वाटतं आणि आजाऱ्याला तर झोप हवीच.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवणार नाही. हे सगळं मन लावून केलं तरी कधीकधी बदक वाचत नाही. दुखणं दाखवायलाच त्याने उशीर केलेला असतो. तेव्हा रडू येतं आणि येऊ द्यावं. डॉक्टरांना विचारून शवविच्छेदन करून घेतलं तर कारण कळतं आणि चिंगी वाचू शकते.

पण भुरी सावरतेय, असं धरू. वहीतलं वजन थांबलं, मग वाढू लागलं. एके दिवशी तिने मान वळवून शेपटीच्या मुळाशी चोच नेली आणि ती पिसं साफ करू लागली. ही बातमी डॉक्टरांना आनंदाने सांगण्यासारखी आहे! आता उथळ परातीत पाणी घेऊन तुमच्यासमोर थोडाच वेळ बसू द्या. पाण्याचे थेंब पिसांवरून घरंगळले तर तेल नीट बसलंय. पिसं ओली काळपट दिसली तर पुसा, उबेत ठेवा आणि काही दिवस थांबा. अन्नातही घाई नको. पाव तर नकोच, त्याने पोट भरतं पण पोषण होत नाही. बदकांना नायसिन नावाचं जीवनसत्त्व कोंबड्यांपेक्षा जास्त लागतं, ते कमी पडलं की वाढत्या पिल्लांचे पाय वाकडे होतात. मटारचे दाणे ठेचून द्या, त्यांत ते असतं आणि बदकांना मटार भलते आवडतात.

काही महिन्यांनी भुरीची पिसं गळतील. बदकांच्या पंखांतली उडायची मोठी पिसं जवळपास एकदमच गळतात. रानबदकं तेव्हा महिनाभर उडूच शकत नाहीत आणि लव्हाळ्यात, गवतात लपून राहतात. भुरीही त्या दिवसांत गप्प गप्प, चिडचिडी होईल. पुन्हा आजारी पडली म्हणून घाबरू नका. आधी वजन करा, शी बघा, मग ठरवा. आणि गळलेलं एखादं पीस उचलून उजेडाकडे धरा. पीस वाढत असताना उपासमार झाली, तर त्या वेळी तयार झालेल्या जागी आडवी, पातळ, फिकट रेघ उमटते आणि पीस तिथे कमजोर राहतं. तशी रेघ दिसली तर वहीतल्या तारखा काढून बघा. भुरीने खाणं सोडलं होतं, ते हेच दिवस असू शकतील!